पेशीला पुढचं दिसतं का?

क्षयाचं निदान झालं की रुग्णाच्या हातात जी गोळी पडते, तिच्यात चार औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५. वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज अशा तीन गोळ्या, ५० ते ६४ असेल तर चार. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड गळतं आणि उरलेली तीन औषधं आणखी चार महिने चालतात. एवढ्या गोळ्या कशाला, एकच भारी औषध देऊन काम उरकत नाही का, असं घरचे विचारतात. ‘जंतू फार चिवट असतो’ या उत्तरावर त्यांची बोळवण होते. खरं उत्तर गणिताचं आहे, आणि त्या गणिताच्या बुडाशी तत्त्वज्ञांना शोभावा असा एक प्रश्न आहे: स्वतःला कोणता बदल हवा आहे, हे जंतूला कळतं का?

आधी गणित पाहू. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आपसूक उपजतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच आयसोनियाझिडला पुरून उरणारे शंभरेक जंतू तिथे बसलेले असतात. नुसतं तेवढंच औषध दिलं तर बाकीचे मरतात, ताप उतरतो, भूक लागते, आणि मग हे शंभर वाढत वाढत पुन्हा कोटींत जातात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोमायसिन एकटं वापरून पाहिलं तेव्हा हेच झालं होतं. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे कोटी-कोटींत एक. तेवढे जंतू एका छातीत मावत नाहीत.

पण हा गुणाकार करण्याची मुभा एकाच अटीवर मिळते. दोन्ही बदल एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत, आणि गरज पडली म्हणून ते घडत नसले पाहिजेत. औषध समोर आल्यावर हवा तोच बदल करून घेणं जंतूला साधत असतं, तर चार काय नि चाळीस काय, औषधांची संख्या वाढवून काहीच हाती लागलं नसतं. सहा महिन्यांत क्षय बरा होतो, याचा अर्थ जंतूला तसं साधत नाही.

हे आधी सांगितलं, कारण अलीकडे दोन दावे जोडीनं फिरताना दिसतात. पहिला असा: पेशी हुशार असते, ती आपली जनुकं गरजेप्रमाणे स्वतःच बदलून घेते, म्हणून ‘आंधळ्या’ उत्क्रांतीचा डार्विनी सिद्धांत मोडीत निघाला. दुसरा पहिल्याच्या पाठीवर बसून येतो: एवढी हुशारी पेशीत आली कुठून, तर ती ईश्वरानं घातली. पहिल्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. दुसरा त्या अंशावर उभा नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: बदल कधी, कुठे आणि किती व्हावेत यावर पेशीचं काही प्रमाणात नियंत्रण असतं. कोणता बदल कामाचा ठरेल, हे तिला ठाऊक नसतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की विज्ञानही बिघडतं आणि ईश्वरविचारही.

ही गल्लत पहिल्यांदा प्रयोगानं सोडवली साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी, १९४३ साली. प्रयोगाला लागतं ते अगदी साधं सामान: ई. कोलाय जीवाणू आणि त्यांना फोडून मारणारा टी-१ हा विषाणू. जीवाणूंनी भरलेल्या थाळीवर भरपूर विषाणू ओतले तर जवळजवळ सगळे मरतात, पण काही ठिकाणी ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका म्हणजे वाचलेल्या एका जीवाणूची वसाहत. प्रश्न असा की, विषाणूशी गाठ पडल्यावर हे जीवाणू बदलले, की बदललेले आधीपासूनच होते?

पद्धत अशी. एका मोठ्या भांड्यात जीवाणू वाढवायचे. शिवाय वीस छोट्या नळ्यांत प्रत्येकी ०.२ मिलिलिटर पोषकद्रव घेऊन प्रत्येकीत अगदी थोडे, शेकड्यांतच मोजावे इतके जीवाणू सोडायचे आणि त्यांना कोट्यवधींपर्यंत वाढू द्यायचं. मग प्रत्येक नळीतला सगळा ऐवज विषाणू पसरलेल्या स्वतंत्र थाळीवर घालायचा आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. बदल विषाणूमुळे होत असेल तर तो थाळीवर होणार आणि प्रत्येक जीवाणूला सारखीच संधी मिळणार. मग सगळ्या थाळ्यांवरचे आकडे सरासरीच्या आगेमागेच असायला हवेत. त्यांच्या एका प्रयोगात वीस नळ्यांतून आलेले आकडे क्रमानं असे होते: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५.

सरासरी ११.३५. पण अकराच्या आसपासचा एकही आकडा या यादीत नाही! अकरा नळ्यांत शून्य, आणि एकीत १०७. सरासरीपासूनची पांगापांग ज्यानं मोजतात तो व्हेरियन्स इथे ७०० च्या वर जातो. बदल थाळीवरच घडत असता तर तोही अकराच्या आसपास आला असता. शंका यायला नको म्हणून त्यांनी मोठ्या भांड्यातल्या एकाच मिश्रणाचे अनेक नमुनेही तसेच थाळ्यांवर घातले. तिथे सरासरी आणि व्हेरियन्स जवळपास सारखे निघाले. म्हणजे मोजणीत खोट नव्हती. १०७ चा अर्थ एवढाच की त्या नळीत बदल फार आधी, विषाणूचं तोंडही पाहायच्या कितीतरी पिढ्या आधी घडला आणि त्या एका जीवाणूचं सगळं खानदान थाळीवर उगवलं. ही कल्पना लुरियाला एका समारंभात सहकाऱ्याला जुगाराच्या यंत्राशी खेळताना पाहून सुचली: बहुतेक वेळा काही नाही, आणि क्वचित एकदम घबाड.

या आकड्यांतून बदलाचा दरही काढता येतो. २० पैकी ११ नळ्या शून्य, म्हणजे ०.५५, त्याच्या नैसर्गिक लॉगरिदमचं चिन्ह उलटं केलं की नळीमागे सुमारे ०.६ घटना. त्याला नळीतल्या एकूण जीवाणूंनी भागलं की झालं. प्रयोग बिघडतो तो बहुधा सुरुवातीलाच: नळीत पहिल्यांदा सोडलेले जीवाणू जास्त झाले तर त्यांतच एखादा बदललेला जीवाणू आधीच असतो, मग एकही नळी शून्य राहत नाही आणि हिशेब कोसळतो. बदललेले जीवाणू इतरांपेक्षा हळू वाढत असतील तरीही घबाडं खुजी पडतात आणि दर चुकतो.

या प्रयोगात एक फट मात्र होती, आणि ती जॉन केर्न्स यांनी १९८८ साली नेमकी दाखवली. टी-१ विषाणू जीवाणूला झटपट मारतो. गरजेप्रमाणे बदलायची शक्ती असली तरी ती वापरायला मेलेल्याला सवड कुठून मिळणार? म्हणून त्यांनी मारण्याऐवजी उपाशी ठेवलं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याचं जनुक मोडलेले जीवाणू फक्त लॅक्टोज असलेल्या थाळीवर ठेवले. पहिल्या दोन दिवसांत थोड्या वसाहती उगवल्या, त्या आधीच बदललेल्यांच्या. पण नंतरही रोज नव्या उगवत राहिल्या. उपाशी जीवाणू नेमकं लॅक्टोजचं जनुकच दुरुस्त करतात की काय, या शंकेनं खळबळ उडाली. आजही ‘पेशी स्वतःला घडवते’ म्हणणारे इथवरचीच गोष्ट सांगतात.

पुढची गोष्ट जास्त रंजक आहे. दुरुस्त झालेल्या जीवाणूंची बाकीची जनुकं तपासली तेव्हा तिथेही नको असलेले, निरुपयोगी बदल सापडले. दुरुस्ती नेम धरून झालेली नव्हती. काही पेशींत सगळीकडेच चुका वाढल्या होत्या आणि थाळीवर फक्त लॅक्टोजवाली चूक दिसत होती. ज्या जातीवर सर्वांत जास्त काम झालं, तिच्यात हे मोडकं जनुक मूळ गुणसूत्रावर नव्हतंच, एका सुट्या वर्तुळाकार डीएनएवर होतं. ते गुणसूत्रावर हलवलं की चमत्कार जवळजवळ विरतो. शिवाय ते पूर्ण मोडलेलंही नव्हतं, थोडंफार काम करत होतं. जॉन रॉथ यांच्या गटाचं म्हणणं असं की, ज्या पेशींत त्याच्या जास्त प्रती तयार होतात त्या हळूहळू वाढतात, आणि प्रती जास्त म्हणजे नशीब उघडायच्या संधीही जास्त. सुझन रोझेनबर्ग आणि पॅट्रिशिया फॉस्टर यांनी चुका वाढवणाऱ्या यंत्रणेवर भर दिला. या दोन बाजूंत बरीच वर्षं जुंपली होती, पण नेम धरून बदल घडतो असं दोघांचंही म्हणणं नाही.

चुका वाढवणारी ही यंत्रणा खरोखर असते. डीएनए जागोजाग तुटला की रेक-ए नावाचं प्रथिन त्या उघड्या धाग्यावर चढतं. त्याला भिडलेलं लेक्स-ए हे प्रथिन स्वतःलाच तोडून घेतं. लेक्स-ए हा एरवी चाळीसहून अधिक जनुकांवर बसलेला पहारेकरी. तो उठला की दुरुस्तीचं सामान बाहेर येतं आणि सर्वांत शेवटी डीएनएची नक्कल करणारी गचाळ विकरं, म्हणजे गचाळ नक्कलनवीस, येतात, जे डीएनएच्या मोडक्या अक्षरावरून अडखळत का होईना पुढे जातात आणि हजारो पटींनी जास्त चुका करतात. धोक्याच्या हाकेवरून याला एसओएस प्रतिसाद म्हणतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक डीएनए तोडूनच जंतू मारतं, त्यामुळे अर्धवट मात्रेत ते हीच हाक उठवतं. लेक्स-ए तुटूच शकणार नाही असे जीवाणू बनवले, तेव्हा उंदरांत सिप्रोला न जुमानणारे वंश उपजेनासे झाले. हे २००५ सालचं काम. म्हणजे उत्क्रांतीचा वेग पेशीच्या आतून वाढतो हे नाकारण्यात अर्थ नाही. क्षयाच्या जंतूतही असा एक गचाळ नक्कलनवीस आहे. तरीही चार औषधांचं गणित टिकतं, कारण चुका वाढल्या म्हणून त्या नेमक्या होत नाहीत, आणि बहुतेक चुकांनी जंतूचं नुकसानच होतं.

बदलाची जागा निवडण्याचं उत्तम उदाहरण आपल्याच अंगात आहे. जंतुसंसर्ग झाला की काखेतल्या, मानेतल्या गाठी सुजतात. तिथे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी-पेशी त्या प्रतिद्रव्याचं जनुक मुद्दाम बिघडवतात. एआयडी नावाचं विकर त्या जनुकातलं सी अक्षर बदलून यू करतं, आणि दर पिढीला हजार अक्षरांमागे साधारण एक बदल होतो. एरवीच्या दराच्या हा दहा लाख पट आहे, आणि तोही प्रतिद्रव्य जंतूला जिथे पकडतं त्या भागावरच. पेशीनं उत्क्रांतीला वळण देणं म्हणतात ते याहून जास्त काय असणार! पण पुढे काय होतं ते पाहावं. बहुतेक नवी प्रतिद्रव्यं आधीपेक्षा वाईट निघतात आणि त्या पेशी तिथेच, त्याच गाठीत मरतात. थोड्या चांगल्या निघतात, त्या वाढतात. जागा ठरलेली, फळ न ठरलेलं. निवड करतो तो मृत्यू. आणि हे हत्यार हातातून सुटतंही: त्याच्या घावांमुळे मिक नावाचं वाढीचं जनुक प्रतिद्रव्याच्या जनुकाशेजारी जाऊन चिकटलं की बर्किट लिंफोमा हा कर्करोग होतो.

आयुष्यात कमावलेले गुण वारशानं पुढे जातात असं मानणाऱ्या लामार्कच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण दह्यातलं आहे. योगर्टच्या विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जीवाणू विषाणूच्या डीएनएचा सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापून आपल्या गुणसूत्रात जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला त्यावरून शत्रू ओळखतो. हीच क्रिस्पर यंत्रणा, विरजणं बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती २००७ साली प्रयोगानं सिद्ध केली. अनुभवातून मिळालेली गोष्ट मुलाबाळांना जाते, म्हणजे कमावलेला गुण वारशानं गेलाच की. मग इथे तरी पेशीला कळतं ना? २०१५ साली, साठवलेल्या तुकड्याशी जुळणारा डीएनए कापणारं कॅस-९ हे विकर निकामी करून पाहिलं गेलं. तेव्हा जीवाणूंनी साठवलेले तुकडे प्रामुख्यानं त्यांच्या स्वतःच्याच डीएनएचे निघाले. म्हणजे आपपरभाव असा नव्हताच. एरवी ज्यानं स्वतःचा तुकडा साठवला, तो आपल्याच कात्रीनं मरतो, आणि उरलेल्यांकडे पाहून आपल्याला वाटतं, किती अचूक ओळखलं!

उलट बाजूचाही दाखला हवा. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलायचे बारा वंश वाढवायला घेतले. रोज ९.९ मिलिलिटर ताज्या द्रवात कालचा ०.१ मिलिलिटर. त्या द्रवात ग्लुकोज मोजून लिटरला २५ मिलिग्रॅम, पण सायट्रेट मुबलक. ई. कोलायला हवेच्या सान्निध्यात ते खाता येत नाही. ताट समोर वाढलेलं असताना बारापैकी एका वंशाला ते साधलं, तेही सुमारे ३१,००० पिढ्यांनंतर. नंतर दुसऱ्या एका गटानं फक्त सायट्रेटवर टांगून ठेवलं तेव्हा तेच काही आठवड्यांत घडलं, कारण तिथे लहानसा लाभही निवडला जात होता. निवडीची रीत बदलली की वेळ बदलते. पेशीला अक्कल असती तर पहिल्याच महिन्यात बाराही वंश जेवले असते.

आता ‘यादृच्छिक’ या शब्दाबद्दल. हा शब्द फार भोवला आहे. उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, सर्वत्र सारख्या प्रमाणात आणि विनाकारण होतात, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. होणारा बदल आणि त्याची उपयुक्तता यांचा आधीपासून संबंध नसतो, एवढाच तो अर्थ. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात उड्या मारणारी जनुकं शोधली, त्याबद्दल १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि संकटात जनुकसंच स्वतःची फेरमांडणी करतो हे त्यांनी ठासून सांगितलं. शिकागोचे जेम्स शपिरो याला पेशीचं नैसर्गिक अभियांत्रिकी कसब म्हणतात. निरीक्षण खरं आहे, शब्द फसवा. अभियंता पूल बांधायच्या आधी नकाशा काढतो. पेशी हजार पूल बांधते आणि नऊशे नव्व्याण्णव पडू देते.

मग ईश्वराचं काय? रचनेवरून कर्त्याचं अनुमान काढणं पश्चिमेकडून आलेलं नाही. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, ते फार नेटकं मांडलं होतं: अंकुर हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता आहे, जसा घटाला कुंभार. विरोधकांचा आक्षेपही तितकाच नेटका होता: कुंभाराला घट घडवताना आपण पाहिलं आहे, त्याला हात आहेत, देह आहे, अंकुराच्या कर्त्याचं काय? सांख्यदर्शनाच्या पंडितांनी तिसरीच वाट काढली. वासरासाठी दूध पाझरतं, पण दुधाला कुठे काही कळतं? अचेतन वस्तूही हेतू असल्यासारखी वागू शकते. शंकराचार्यांनी यावर बोट ठेवलं: दूध अचेतन असेल, पण गाय चेतन आहे, तिच्या वत्सलतेनं पान्हा फुटतो. हा वाद आजच्यापेक्षा वरच्या दर्जाचा आहे. लेक्स-ए तुटणं हा सांख्यांचा पान्हाच, कुणाला न कळता हेतुपूर्ण दिसणारा. पण असा पान्हा मुळात आला कुठून, ही आचार्यांची शंकाही रास्त आहे. दोघांकडे जे उत्तर नव्हतं ते नैसर्गिक निवडीचं: ज्यांना पान्हा फुटला नाही त्यांची वासरं राहिली नाहीत.

अमेरिकेत हाच वाद पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळेवरून न्यायालयात गेला आणि डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं घडवले हा दावा, हे विज्ञान नव्हे असा निकाल दिला. तिथे जीवाणूच्या शेपटीचा, फ्लॅजेलमचा दाखला गाजला: एक भाग काढा, सगळं थांबतं, म्हणून ती टप्प्याटप्प्यानं बनणं अशक्य. २०१५ साली एका स्युडोमोनास जीवाणूतला शेपटीची जनुकं चालू करणारा मुख्य नियामकच काढून टाकला गेला. चार दिवसांत, दोन उत्परिवर्तनांनी, नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा दुसराच नियामक त्या कामाला जुंपला गेला आणि जीवाणू पुन्हा पोहायला लागले. बदल्यात नायट्रोजनचा हिशेब बिघडला. शेपूट कशी जन्मली याचं हे उत्तर नाही, पण एक भाग गेला की सगळं संपलं हे खरं नाही, एवढं त्यातून कळतं. अशा डागडुजीत ईश्वराचा हात शोधायचा तर औषधाला न जुमानणाऱ्या क्षयजंतूचीही रचना त्याच्याच माथी मारावी लागेल. ही श्रद्धेची सेवा आहे असं मला वाटत नाही. ईश्वर आहे की नाही, यावर वीस नळ्या काहीच बोलत नाहीत. तो पेशीच्या कानात पुढचं सांगत नाही, एवढंच त्या सांगतात.

आपल्याकडे हा वाद न्यायालयात गेला नाही, अभ्यासक्रमात शिरला. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे असं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, हे त्यांचं कारण. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या धड्यातून उत्क्रांती गेली आणि आनुवंशिकता तेवढी उरली. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. आमच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, लामार्क आणि डार्विन दोघंही त्यात आहेत, आणि तो ठेवल्याबद्दल मंडळाचं कौतुकच करायला हवं. माझी तक्रार वेगळी आहे. दोघांची मतं समोरासमोर ठेवून मुलांना एक पाठ करायला लावलं जातं. दोघांत निवाडा कसा झाला ते दाखवलं जात नाही. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना जादा तास. वीस आकडे फळ्यावर लिहावेत, सरासरी काढायला लावावी आणि विचारावं: अकराव्या नळीत १०७ आले कुठून? ‘मोजताना चूक झाली असेल’ असं कुणी म्हणालं, तर एकाच भांड्यातल्या नमुन्यांचे आकडे किती जवळ जवळ आले होते ते सांगावं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.